पाठोपाठ केर

‘ठप्प.’ आणि मग ‘गुडगुडगुड.’

हा आवाज फार जुना आहे, पण माझ्या पत्र्यात तो अजून आहे. मला पहिल्यांदा विहिरीत सोडलं तेव्हा पाण्यावर मी आडवा पडलो, तो ठप्प. मग एका अंगावर कलंडून पाणी आत घेऊ लागलो, ती गुडगुड. वरून एक नवी नवरी वाकून बघत होती. ती घाबरून म्हणाली, “बुडालं का काय ओ?” तिच्या शेजारी तिचा नवरा उभा होता. तो हसला. “बुडायलाच धाडलंय त्याला,” तो म्हणाला. “वढ आता.”

मी पोहरा बोलतोय. दोर बांधून विहिरीतून पाणी काढायचं भांडं. आता घरोघरी नळ आले, त्यामुळे नव्या माणसांना मी कोण ते सांगावं लागतं. भोरच्या बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या कोंडिबानं मला घडवलं. तो ठोकताना गिऱ्हाइकांशी भांडत असे. माझी कडी त्यानं भांडता भांडताच बसवली, म्हणून ती जरा वाकडी आहे.

मला विकत घेतलं ते रायबानं. मार्गासनीच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. ती नवी नवरी म्हणजे त्याची बायको साळूबाई. पहाटे मी विहिरीत जायचो, दिवस उगवेपर्यंत घरातली भांडी भरायचो आणि मग दिवसभर दाराशी खुंटीला लटकून घरातलं बघत राहायचो.

त्या घराची एक रीत मी तिथं लटकूनच शिकलो. घरातून कुणी बाहेरगावी निघालं की साळूबाई पाठोपाठ केर काढत नसे. मयत घरातून गेल्यावर लगेच झाडतात, तसं जित्या माणसामागं झाडू नये, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. पण शेतकऱ्याच्या घरी केर किती वेळ पडून राहणार? दारात कोंबड्या, अंगणात पाला. यावर तोड काढली रायबानं. तो पानतंबाखू खाणारा माणूस. कापूरहोळला इंजिन दुरुस्तीला जाताना तो चुन्याची डबी मुद्दाम कोनाड्यात ठेवून जायचा आणि उंबऱ्यातून ओरडायचा, “डबी ऱ्हायली गं माझी.” मग साळूबाई हसून केरसुणी घ्यायची. माणसाचं काहीतरी मागं राहिलं म्हणजे माणूस पुरतं गेलं नाही, असा त्या दोघांचा हिशेब होता.

रायबाला शेवटी पुण्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा डबी त्याच्या खिशातच गेली. त्या दिवशी साळूबाईनं केर काढलाच नाही. तरी तो आला नाही. पण म्हणून तिनं रीत सोडली नाही.

पुढे वस्तीला नळ आला. विहिरीवर झुडपं वाढली. माझा दोर कुणीतरी म्हशीला बांधला आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. माझ्यात कधी राख भरली, कधी भिजवलेली पेंड. एकदा कोंबडीनं अंडी घातली. ती खुडूक बसली तेव्हा मला वाटलं, चला, अजून कुणाला तरी आपला उपयोग आहे.

तिथून मला बाहेर काढलं ते सुलक्षणेनं. सुलक्षणा म्हणजे साळूबाईच्या मुलाची, हनुमंताची बायको. हनुमंत दुधाचा टेम्पो चालवतो. तो घरात असतो तेव्हा झोपलेला असतो. सुलक्षणेला मात्र बसून राहणं जमत नाही. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून पुण्याच्या लोकांनी इकडे बंगले बांधले. त्यात राहायला कुणी नसतं. मालक कधीमधी येतात, एरवी बंगले दोन-दोन दिवसांसाठी भाड्यानं जातात. पार्टी गेली की सगळं घर घासूनपुसून नव्यासारखं करायचं, हे काम सुलक्षणेनं धरलं. एका बंगल्यापासून सुरुवात करून तिनं सगळी रांग मिळवली. माहेरानं तिला काही दिलं नव्हतं, सासरी दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं होतं. हे एकच तिनं स्वतःच्या जिवावर उभं केलं होतं, आणि ते जाईल या भीतीनं ती सदा चिडलेली असायची.

बंगल्यांचं बुकिंग घ्यायचा नसरापूरचा धनाजी. तो आधी कधी सांगत नसे. ऐनवेळी त्याचा फोन यायचा.

“वहिनी, एक पार्टी निघतीय, आन दुसरी खेड शिवापूरला च्या पितीय. कसं करता?”

“कसं म्हंजी? बुकिंग घ्यायच्या आधी इचारायचं तरी.”

“इचारत बसल्यावर गिऱ्हाईक थांबतंय व्हय? जमत नसंल तर सांगा. नसरापुरात बाया हाईत मोप.”

हे शेवटचं वाक्य तो दर वेळी बोलायचा. दावणीची गाय वळवायला जशी नुसती काठी दाखवली तरी पुरते, तसं ते वाक्य होतं. सुलक्षणा दात खाऊन “येते” म्हणायची. धुतलेल्या चादरी पोत्यात भरून कायम तयार असायच्या. स्कूटीवर पुढं पोतं, मागं साळूबाई, आणि साळूबाईच्या मांडीवर मी. बंगल्यातल्या प्लॅस्टिकच्या बादल्यांचा भरवसा नसे, म्हणून मला घेतलेलं. वाटेत दोघी सासवासुना एक शब्द बोलत नसत.

सुलक्षणेची कामाची पद्धत पक्की होती. आधी संडास-मोरी, मग पलंग, मग ओटा. फरशी शेवटी. ती म्हणायची, नवं माणूस आत आल्यावर आधी वास घेतं, मग चादर बघतं. खालची फरशी पोरं बघतात. केर मात्र साळूबाईकडे, आणि तिथंच घोडं अडलं.

पहिल्याच घाईच्या दिवशी साळूबाई केरसुणी मांडीवर घेऊन पायरीवर बसली ती बसली.

“आत्याबाई, उठा.”

“जाऊ दे जरा लांब.”

“कोन?”

“ती मानसं. आत्ता तर फाटकातनं गेली. पाठोपाठ केर काढत्यात व्हय?”

“ती आपली कोन लागत्यात?”

“कुणाची तरी लागत्यातच की.”

सुलक्षणेनं केरसुणी ओढली. साळूबाईनं सोडली नाही. दोन बाया एका केरसुणीला धरून उभ्या, असं मी पाहिलं. तेवढ्यात नवी पार्टी आली आणि पडलेल्या केरात उभी राहिली. धनाजी दुसऱ्या दिवशी वस्तीवर आला आणि चहा पिता पिता म्हणाला, “मावशी, तुमी कीर्तन करा. साफसफाई ऱ्हाऊ द्या.” सुलक्षणेला ते फार लागलं. तो उठून गेला तसा तिनं त्याच्या पाठोपाठ, तो अंगणातच असताना, सगळी पडवी खराखरा झाडून काढली. साळूबाईनं तिच्याकडे बघितलं. “म्हंजी तुला ठावं हाय की,” ती म्हणाली.

त्या दिवसानंतर साळूबाईनं रायबाचीच तोड वापरली. बंगल्यातून माणसं गेली की ती आधी शोधायची. माणसं काहीतरी विसरतातच. केसांचा चाप, औषधाची अर्धी पट्टी, खेळण्यातलं चाक, एक मोजा. ते ती माझ्यात टाकायची आणि मला मागल्या दाराच्या खिळ्याला टांगायची. मग केर काढायची, तोही भराभर. दिवस मावळेपर्यंत ती वस्तू माझ्यात राही. तोवर माणसं घरी पोचली, असं ती धरून चाले. पाणी मग प्लॅस्टिकच्या बादलीत. मला ही चाकरी आवडली. विहिरीत असताना मी पाणी वर आणायचो, आता गेलेल्या माणसांना धरून ठेवत होतो.

सुलक्षणा म्हणायची, “कचरा टांगून कचरा काढत्यात. सगळ्या तालुक्यात अशी सासू न्हाई.” पण वेळ वाचत होता, म्हणून ती गप्प बसली.

आता त्या रविवारचं सांगतो.

बंगल्यात पुण्याची एक पार्टी होती. कुमार नावाचा गृहस्थ, त्याची बायको, आणि कुमारचे म्हातारे वडील आनंदराव. म्हाताऱ्याला ऐकू येत नसे. कानात घालायचं यंत्र होतं, पण घरात आवाज चढले की तो ते काढून एका लहानशा डबीत ठेवायचा आणि डोंगराकडे बघत बसायचा. आम्ही गेलो तेव्हाही आवाज चढलेलेच होते.

“बाबा, मशीन लावा ना. ओरडून ओरडून घसा बसला माझा.”

आनंदराव त्याच्याकडे बघून मान हलवायचे, आणि यंत्र डबीतच राहायचं.

धनाजीचा फोन आला तेव्हा दुसरी पार्टी जवळ येऊन ठेपली होती. आम्ही पोचलो तर पहिली अजून सामानच भरत होती. कुमारची बायको मोठी नीटनेटकी. तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, उशा उचलून पाहिल्या, मोरीतली साबणाची चिपसुद्धा उचलली. “काही राहिलं नाही ना?” असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

साळूबाई तिच्या मागं मागं फिरत होती. तिला काहीच सापडेना. ना चाप, ना चाक. सुलक्षणा मोरीतून ओरडली, “आत्याबाई, गाडी सुरू झाली की केरसुणी फिरली पायजे. आज काय सांगू नगा मला.”

व्हरांड्याच्या कठड्यावर ती डबी होती. आनंदराव तोंड धुवायला गेले होते. साळूबाईनं डबी उचलली. हलक्या वजनाची, हाताच्या मुठीत मावणारी, रायबाच्या डबीएवढीच. तिनं ती कानापाशी हलवून पाहिली. आतलं यंत्र कापसात होतं, ते वाजलं नाही. रिकामी असेल, असं तिला वाटलं. तिनं ती माझ्यात टाकली आणि मला खिळ्याला टांगलं.

गाडी गेली. साळूबाईनं केर काढला. मी खिळ्यावर डुलत होतो आणि माझ्या पोटात ती डबी होती. मला जीभ असती तर त्याच वेळी बोललो असतो.

तेवढ्यात प्लॅस्टिकच्या बादलीची कडी निसटली. सुलक्षणा धावत आली, मला खिळ्यावरून उतरवलं, नळाखाली धरलं आणि नळाला हात घातला. साळूबाईनं मागून मला हिसकलं.

“त्यात त्यांचं हाय.”

सुलक्षणेनं आत पाहिलं. डबी उघडली. कापूस बाजूला केला. आत यंत्र होतं.

“आत्याबाई, हे त्या म्हाताऱ्याच्या कानातलं. हे खाली पडलं व्हतं का?”

“न्हाई. कठड्यावर व्हतं.”

“म्हंजी ती हितं असतानाच उचाललं तुमी?”

“रिकामी वाटली गं. आन दुसरं काय ऱ्हायलंच न्हवतं.”

“दुसऱ्याची वस्तू उचालली, आत्याबाई. ह्याला काय म्हनत्यात, ठावं हाय का?”

 बाहेर फोन वाजायला लागला. धनाजीच होता. म्हाताऱ्याचं यंत्र सापडेना म्हणून कुमारची गाडी नसरापूरवरून माघारी फिरली होती आणि धनाजीला वाटेत घेऊन येत होती.

सुलक्षणेनं फोन ठेवला.  तिनं सासूच्या दंडाला धरलं. “ऐका. पलंगाखाली घावली म्हनायचं. पलंगाखाली. कळलं? तुमी त्वांड उघडायचं न्हाई. हे काम गेलं ना, तर मी पुन्यांदा दुसऱ्याच्या बांधावर जानार न्हाई. जीव गेला तरी.” मग तिनं डबी परत माझ्यात टाकली, कारण ती हातात धरवत नव्हती.

गाडी आली. कुमार उतरला तोच बोलत. त्याच्या मागून धनाजी. आनंदराव सर्वांत शेवटी, सावकाश. फाटकाशी नवी पार्टीही येऊन थांबली होती आणि भोंगा वाजवत होती.

“सापडलं का?” कुमारनं विचारलं.

“सापडलं, दादा,” सुलक्षणा म्हणाली. “पलंगाखाली व्हतं.”

“कुठल्या पलंगाखाली? माझ्या बायकोनं सगळे पलंग स्वतः बघितलेत. मी काय मूर्ख दिसतो तुम्हाला?”

“कोपऱ्यात व्हतं. अंधार असतोय तिथं.”

“अंधार असतोय.” त्यानं तिची नक्कल केली. “दोन दिवस आम्ही पैसे मोजून राहिलो, आणि तुम्ही आमच्या वस्तूंवर डोळा ठेवून. धनाजी, असली माणसं ठेवता तुम्ही?”

“खरं काय ते सांगा, वहिनी,” धनाजी म्हणाला. “न्हाईतर आत्ताच्या आत्ता पोलीस पाटलाला बोलवतो. माझं नाव घालवलं तुमी.”

“तुमचं नाव?” सुलक्षणा उसळली. “ऐनवेळी फोन करून बायकांना पळवता, ते नाव?”

“बघा, वर तोंड करून बोलतीय.”

मग साळूबाई पुढं आली. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. “पलंगाखाली न्हाई,” ती म्हणाली. “म्या घेतली. कठड्यावरनं. सुनंला ठावं न्हवतं.”

 फाटकावर भोंगा पुन्हा वाजला. मग तिनं सांगितलं. पाठोपाठ केर कसा काढायचा नसतो, मागं काहीतरी राहिलं म्हणजे माणूस पुरतं गेलेलं नसतं, रस्त्यानं त्याला काही होत नाही. तिनं रायबाचंही नाव घेतलं. तिला नीट सांगता येत नव्हतं, ती मधूनच थांबत होती, आणि सगळं सांगून झाल्यावरही कुणाला पटलं नव्हतं.

“म्हणजे चोरी आमच्या भल्यासाठी,” कुमार म्हणाला आणि हसला. धनाजीही हसला, कारण गिऱ्हाईक हसलं होतं. मग हसू आवरून तो म्हणाला, “उद्यापासून कुठल्याच बंगल्यावर येऊ नका, वहिनी. एका पन न्हाई. हा केर काढा, ती लोकं खोळंबल्यात, आन चाव्या ठिवून जा.”

सुलक्षणा सासूकडे वळली. “पलंगाखाली म्हनायचं व्हतं,” ती हळू म्हणाली. “येवढंच म्हनायचं व्हतं तुमी.” यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिथला केर तिनंच काढला. तो तिचा तिथला शेवटचा. ती सगळी रांग धनाजीनं नसरापूरच्या बायांना दिली. आता सुलक्षणा मार्गासनीतल्या आणि आसपासच्या घरांची कामं करते, लग्न असलं की, बारसं असलं की. तिथंही लोक ऐनवेळीच सांगतात. ती एकटी जाते, मला नेत नाही. सासूशी ती कामापुरतं बोलते. भाकरी वाढते, औषध देते, पण “आत्याबाई” हा शब्द तिच्या तोंडून मी फार दिवसांत ऐकला नाही. साळूबाई तिच्यावर रागवत नाही. सुलक्षणा स्कूटी घेऊन निघाली की ती केरसुणीला हात लावत नाही. सुलक्षणा मुद्दाम मागं काही ठेवत नाही, म्हणून केर संध्याकाळपर्यंत तसाच पडून असतो. त्यावरूनही दोघींची धुसफुस होते.

मी पुन्हा वस्तीवरच्या खुंटीला आहे, जिथून सुरुवात केली तिथं. बुडाला गंज धरलाय. माझ्यात आता कुणी पाणी भरत नाही, राखही भरत नाही. कोंबडीला मी हवा होतो, तिलाही साळूबाईनं हाकललं. कारण माझ्यात एक वस्तू आहे. सुलक्षणेला ती फेकून द्यायची होती. तिनं एकदा आत हातही घातला होता. मग तिनं तो तसाच बाहेर काढला.

माझं कुणाकडं फार मागणं नाही. कुणाच्या घरून निघाल तेव्हा एवढं झाडूनपुसून, उलटंपालटं करून बघून निघू नका. एखादं बटण राहू द्या, एखादी फणी राहू द्या. मागं कुणीतरी केरसुणी घेऊन खोळंबलेलं असतं.

ती वस्तू माझ्यात कशी आली, तेवढं सांगून थांबतो.

सगळं बोलून झालं होतं. कुमार गाडीकडे गेला होता, धनाजी फाटकावरच्या नव्या पार्टीला “झालंच, झालंच” म्हणत होता. आनंदराव मात्र मागल्या दारापाशी आले. इतका वेळ चाललेलं त्यांनी नुसतं बघितलं होतं, कानावर काही गेलं नव्हतं. त्यांनी माझ्यातून डबी काढली, यंत्र कानात बसवलं, आणि एका बोटानं कान जरा दाबून धरला. समोर साळूबाई भिंतीला टेकून उभी होती. सुलक्षणा केरसुणी हातात घेऊन दारात होती.

“तुम्ही मघाशी काय सांगत होता, बाई?” त्यांनी विचारलं. “मला ऐकू आलं नव्हतं.”

साळूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. “काय न्हाई, दादा,” ती म्हणाली. “चुकलं माझं. पाठोपाठ केर काढू न्हाई, म्हनून मागं काय तरी ठिवून घेतलं व्हतं. तुमी नीट घरला पोचावं म्हनून.”

 गाडीतून कुमारनं हाक मारली. या खेपेला ती त्यांना ऐकू गेली असणार, पण आनंदराव वळले नाहीत. त्यांनी रिकाम्या डबीचं झाकण लावलं. ती माझ्या बुडाशी अलगद ठेवली, माझी वाकडी कडी सरळ केली, सुलक्षणेच्या हातातल्या केरसुणीकडे एकदा बघितलं, आणि चालू लागले.